नमुना सही

निपाणीत तंबाखूच्या वासाला कुणी वास म्हणत नाही.
जो शिंकतो तो परगावचा.

बाळगोंडा चौगुले शिंकायचा नाही.
त्याचे अण्णा वखारीत काटा धरायचे,
आणि शाळा सुटली की आम्ही दोघं
पोत्यांच्या थप्पीवर बसून पाढे म्हणायचो,
तो पावकी-निमकी, मी नुसताच सूर धरून.
एकदा त्यानं वरूनच विचारलं,
"अण्णा, पोत्यामागं दोन शेर कडता कापता,
तो कडता जातो कुठं?"
अण्णांनी काट्यावरची नजर हलवली नाही.
मुनीम हसला.
फार वेळ हसला.

पुढं शिष्यवृत्ती, पुणं, मग बोटीनं लंडन.
तिथं त्यानं चारशे पानं लिहिली म्हणे.
मी वाचली नाहीत. मला वाटतं, प्रश्न तोच असावा.

मी इथंच, पतसंस्थेच्या जाळीमागं,
पुढ्यात ओला स्पंज, कानावर पेन्सिल.
एके सकाळी कोऱ्या नोटांचं बंडल फोडलं
तर गव्हर्नर म्हणून खाली त्याची सही:
इंग्रजी, घाईची, शेवटी लांब शेपूट.
त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला
मी सहीची बाजू वर करून पैसे दिले.
कुणी पाहिली नाही. पैसे मोजायचे असतात, वाचायचे नसतात.

दुपारी मात्र मी वाचत बसलो.
भाषांची ती उभी चौकट:
कन्नड चौथी, मराठी सातवी,
मधे काश्मिरी आणि मल्याळम, दोघी गप्प.
बाहेर चौकात त्याच आठवड्यात
पाटीवरच्या अक्षरांना डांबर फासलं होतं.
कुठल्या अक्षरांना, ते सांगत नाही.
डबा एकच असतो, हात बदलतात.

दिवाळीला त्याचं कार्ड आलं, दोनच ओळी:
"महागाई म्हणजे दुसरं काय रे,
न विचारता कापलेला कडता."

मग तो मंत्री झाला. अर्थखातं.
संध्याकाळी पाचला पानपट्टीच्या रेडिओभोवती
एवढी माणसं, की रस्त्यावर बैलगाड्या थांबल्या.
अर्धं भाषण कुणाला कळलं नाही.
बिडी हा शब्द कळला.
हजारामागं कर वाढला होता.

चौथ्या दिवशी त्याचा पुतळा जाळला,
अंग तंबाखूच्या पोत्याचं,
चष्मा तारेचा, पण हुबेहूब.
धूर सगळ्या गावानं ओढला.
त्याची चुलतबहीण पद्मव्वा ओसरीवर बिड्या वळत होती,
हजार वळल्या की शंभर छाटीत जायच्या तिच्या.
सूप मांडीवरून न काढता म्हणाली,
"काटा आता त्याच्याच हातात हाय की."
आणखी काही म्हणाली नाही. दोरा गुंडाळत राहिली.

चौदा महिन्यांत सरकार पडलं.
तो आला तेव्हा एसटीनं आला, एकटा,
आईच्या खात्यावरचे पैसे काढायला. वारस तोच.
खात्यावर त्याचं नाव सोळाव्या वर्षापासून होतं.
मी अर्ज सरकवला. त्यानं सही केली, शेपटासकट.
मी पिवळं पडलेलं कार्ड काढलं, शेजारी धरलं.
"जुळत नाही."
त्यानं चष्म्यावरून पाहिलं.
"तुझ्या गल्ल्यात हीच आहे ना रे?"
"गल्ल्यात आहे. कार्डावर नाही."
मागं रांगेत कुणीतरी खोकलं.

पेन हवेत धरून तो बराच वेळ उभा राहिला,
मग हळूहळू, पाटीवर गिरवावं तसं,
मराठीत लिहिलं आपलं नाव,
ळ चे दोन्ही डोळे वेगवेगळे काढून,
ड च्या डोक्यावर जरा मोठाच अनुस्वार.

दोनशे बारा रुपये चाळीस पैसे.
त्यानं दोनदा मोजले. मला ते आवडलं.

दारात गेला आणि शिंकला.
वारं होतं त्या दिवशी.
वखारीकडून जर्दा उडत होता,
खरंच उडत होता,
मीसुद्धा खिडकी लावून घेतली.